राणीची ओटी

१२ जानेवारी २०२५
तोआ पायोह, सिंगापूर

ती. शैलाताईस,

उल्काचा नमस्कार. पाकिटावरचा पत्ता अभयकडून लिहून घेतलाय. मागची दोन पाकिटं तू नुसतं माझं अक्षर बघून परत पाठवलीस. 'घेण्यास नकार' असा पोस्टमनचा शेरा आहे त्यांच्यावर, दोन्ही माझ्या कपाटात आहेत. माझ्या नवऱ्याचं अक्षर मात्र कुणाला ओळखता येत नाही, त्याचं त्यालासुद्धा नाही. तेव्हा फसून उघडलंच असशील तर निदान पहिलं पान वाच, मग खुशाल फाड.

बातमी अशी की आमच्याकडे राणी येणार आहे.

थट्टा नाही गं. खरीखुरी राणी, एका थंड देशाची. देशाचं नाव लिहायचं नाही असं आमच्याकडून सही करून घेतलंय. जाहीर झाल्यावरही मी लिहिणार नाहीच. मग तू तुझ्या टॅबवर शोधत बसशील, आणि शोधताना दोन घटका तरी तुला माझी आठवण येईल. एवढा स्वार्थ आहे माझा, लपवत नाही.

तीन दिवसांचा दौरा आहे. मेजवान्या, भाषणं, बागेत तिच्या नावाचं एक ऑर्किड. इथे मोठा पाहुणा आला की फुलाच्या एखाद्या नव्या जातीला त्याचं नाव देतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा मिनिटं ती आमच्या तोआ पायोहच्या कम्युनिटी क्लबमध्ये. तिथे तीन टेबलं मांडायची. चिनी बायका चहा देणार, मलय बायका विडा आणि फुलं, आणि भारतीयांचं टेबल या खेपेला आम्हा मराठी बायकांकडे आलंय. आमची पुढारी अरुणा, बुकित तिमाहला राहते, तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. तिनं जाहीर केलं, "आपण राणीची ओटी भरू या." सगळ्या जणी टाळ्या पिटत उठल्या.

मी पण पिटल्या. आणि घरी येताना बसमध्ये एकदम तू आठवलीस. आईची नऊवारी गुंडाळून तू राणी व्हायचीस, मी दासी. मला कधी राणी होऊ दिलं नाहीस. "तू धाकटी, तुझा नंबर नंतर," म्हणायचीस. मी जास्वंदीची पानं ताटलीत घेऊन उभी राहायची आणि तू हनुवटी वर करून म्हणायचीस, "ठेवा तिकडे." किती राग यायचा मला! आता कुणी तसं म्हणणारं राहिलं नाही.

ताई, आणखी एक सांगायचंय. माई ऑगस्टमध्ये गेल्या. तुला कुणाकडून तरी कळलं असेलच. सासू म्हणून वाईट नव्हत्या, पण जुन्या वळणाच्या होत्या, तुला ठाऊकच आहे. माझ्या चैत्रालीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी ओट्या भरत होते तेव्हा त्या माझ्या मागेच उभ्या होत्या. त्या असताना हे बोलता येत नव्हतं. आता त्या नाहीत. तू समजून घेशील असं वाटतं.

उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होते. पण बघते.

तुझी,
उल्की

*

२ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,

पत्र परत आलं नाही. तीन आठवडे झाले. रोज खाली जाऊन पेटी उघडते आणि ती रिकामी बघून खूश होते, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालंय.

काल अरुणाच्या कॉन्डोत आमचं संक्रांतीचं हळदीकुंकू झालं आणि त्यातच राणीची तालीम. सरकारकडून एक मुलगी येते, मिस लिम. तिशीची असेल, काळे बूट, हातात सतत घड्याळ. पाहुण्यांचं सगळं शिष्टाचाराचं खातं तिच्याकडे. तिनं आम्हाला चौदा पानं वाटली. राणीला आपण हात पुढे करायचा नाही, तिनं केला तर धरायचा. पाठ दाखवायची नाही. प्रश्न विचारायचा नाही, विचारला तर एका वाक्यात उत्तर. अंगाला स्पर्श नाही, म्हणजे कुंकू लावणं बाद. ओटीतला नारळ आदल्या दिवशी जमा करायचा, त्याला कुत्रा हुंगणार. मी म्हटलं, आमची शैलाताई असती तर कुत्र्यानं हुंगलेला नारळ तिनं मिस लिमच्याच हातात परत दिला असता.

राणीला पदर नाही, हा मोठा प्रश्न पडला. ओटी घ्यायची कशात? कोटात? शेवटी असं ठरलं की तिच्याबरोबरची मानकरी बाई एक पैठणीचा शेला राणीच्या दोन्ही हातांवर पसरेल, त्यात आपण घालायचं. तालमीत राणी म्हणून मिस लिमच उभी राहिली. पोरीच्या हातात तांदूळ, खण, नारळ, हळकुंड, सुपारी पडत गेलं आणि ती म्हणाली, "आंटी, सो हेवी लाह!" सगळ्या हसल्या.

मग तिनं राणीची माहिती वाचून दाखवायला घेतली. वय चौसष्ट, तीन मुलं, घोड्यांची आवड. आणि राणीचे यजमान चौदा महिन्यांपूर्वी वारले, त्यानंतरचा हा तिचा पहिलाच परदेश दौरा.

ताई, त्या खोलीत बावीस बायका होत्या. कुणीतरी बांगड्या मागे सारल्या, तेवढा आवाज आला. तो शब्द कुणीही उच्चारला नाही. अरुणा नुसतीच म्हणाली, "अगंबाई, मग... आपण फुलं आणि अत्तर देऊ या का?" लगेच बाकीच्या सुरू झाल्या. हो हो, फुलंच बरी, नारळ जड पडतो, परदेशी बाईला काय कळणार. मीही मान हलवली. तुला खोटं कशाला सांगू?

पण मिस लिम ऐकेना. राजवाड्याकडे यादी गेलेली, मंजूर होऊन आलेली. ओटी म्हणजे काय हे सांगणारं एक वाक्य अरुणानं डिसेंबरातच लिहून दिलं होतं, तेही त्यांच्या भाषेत जाऊन बसलं होतं. "अप्रूव्ह्ड ऑलरेडी, आंटी. कॅनॉट चेंज." तिला बिचारीला कळेचना की बावीस शिकल्यासवरल्या बायका एका नारळाला का घाबरल्यात. आणि तिला ते सांगायला एकीचीही जीभ उचलेना.

निघताना अरुणानं मला बाजूला घेतलं. तिची सून सातव्या महिन्यात आहे. "उल्का, तू भर ना ओटी. तुझ्या घरात सध्या काही कार्य नाही." बघ कशी वाटणी करतात! मी दोनदा नाही म्हणणार होते. जाईला, चैत्रालीच्या लेकीला, त्या दिवशी थोडा ताप होता, तेही मनात येऊन गेलं. तरी तोंडातून हो बाहेर पडलं.

तू हे वाचतेस का? नुसतं एक कोरं कार्ड टाकलंस तरी चालेल.

उल्की

*

१९ फेब्रुवारी २०२५

ताई,

आज मिस लिमला घेऊन मी हॉकर सेंटरला गेले. तिनं फिशबॉल नूडल्स घेतल्या, मी आपली कॉफी. पोर दिवसभर उभी असते, जेवायला विसरते. मला तिच्याशी बोलायला आवडायला लागलंय. आमच्या चैत्रालीला सेरंगूनहून इथवर यायला जमत नाही, ऑफिस आणि जाई यातच तिचा दिवस जातो.

मी तिला विचारलं, "एवढा खटाटोप कशासाठी गं? करारावर सह्या तर मंत्रीच करतात. राणी काय करते?"

ती म्हणाली, राणी काहीच करत नाही, म्हणून तर तिला पाठवतात. मंत्री आला की लोक विचारतात, याला काय हवंय? राणीला काही मागता येत नाही. ती येते, चहा पिते, मुलांची चौकशी करते, यजमान देशाच्या झेंड्याचा रंग अंगावर घालते. मग दोन्हीकडची माणसं जरा सैल होतात, आणि मागच्या दारानं मंत्र्यांचं काम सोपं होतं.

मग तिनं मला या राणीचीच एक गोष्ट सांगितली. हिच्या आजोबांच्या काळात शेजारच्या देशात काहीतरी भयंकर घडलं होतं, गावंच्या गावं जाळली होती. साठ वर्षं दोन्ही राजघराण्यांत येणंजाणं नव्हतं. शेवटी ही गेली. आता लोकांची इच्छा की राणीनं माफी मागावी. पण राणीला माफी मागता येत नाही, ताई! तिचं प्रत्येक वाक्य सरकार लिहून देतं, आणि तो शब्द सरकारनं दिला नव्हता. मग तिनं काय केलं, तर स्मारकावर फुलं वाहिली आणि ठरल्यापेक्षा एक मिनिट जास्त मान खाली घालून उभी राहिली. तेवढ्या एका मिनिटावर दोन्हीकडची वर्तमानपत्रं आठवडाभर लिहीत होती.

मी म्हटलं, "म्हणजे बोलायचं नाही, नुसतं वागून दाखवायचं."

"यस लाह, आंटी. दॅट इज स्टेट व्हिजिट."

मी कॉफीचा कप बाजूला सारला. सात वर्षं मी तरी दुसरं काय केलंय? भाऊजींच्या प्रत्येक श्राद्धाला तुला फूल पाठवलं. तुझ्या साठीला साडी पाठवली, ती तू तुझ्या शाळेतल्या शिपाईबाईला दिलीस, हे मला कळलं. पुण्याला आले की सांगलीच्या दिशेनं निघालेली गाडी बघायची आणि घरी परतायचं. माणसं पाठवली, निरोप पाठवले, काजूकतली पाठवली. एक शब्द तेवढा पाठवला नाही.

आमच्या तोआ पायोहमध्ये एक बिल्डिंग आहे, इंग्रजी वाय अक्षरासारखी. बाहेरच्या पाहुण्यांना गच्चीवर नेऊन सगळं गाव दाखवायला म्हणून बांधलेली. तिथली एक चिनी आजी माझ्याबरोबर बाजारात असते. ती सांगते, फार पूर्वी एक राणी तिथे येऊन गेली आणि तीस-पस्तीस वर्षांनी पुन्हा तोआ पायोहला आली. आजीला दुसऱ्या वेळेचंच कौतुक जास्त आहे. "शी केम बॅक, यू नो," असं दर वेळी म्हणते. मला ते ऐकलं की तुमच्या घराच्या पायऱ्या दिसतात. चार आहेत, तिसरीची कड फुटलेली आहे. दुरुस्त केलीस का गं?

ओटीतल्या नारळाला लावायला हळद काढली. तू दिलेला सांगलीच्या हळदीचा डबा अजून आहे माझ्याकडे, तळाशी दोन चमचे उरलीय. स्वयंपाकाला ती मी कधी वापरली नाही.

उल्की

*

२७ फेब्रुवारी २०२५

ताई,

झालं. पार पडलं. कालपासून मी कुणाशी धड बोललेली नाही, तुलाच पहिल्यांदा सांगते.

साडेनऊपासून आम्ही उभ्या. मी आईची जांभळी इरकल नेसले होते. अरुणानं पैठणी नेसायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. दहा वाजून चार मिनिटांनी गाडी आली आणि राणी उतरली. लाल कोट! नखशिखांत लाल, पांढरी टोपी. अरुणाच्या तोंडून "अगंबाई" निघालंच. मिस लिमनं सांगितलं होतं खरं, झेंड्याचा रंग घालतात म्हणून, पण आमच्या डोक्यात कुठे ते राहायला? आमच्या डोक्यात फिक्या रंगाची बाई होती.

आधी चिनी टेबल, मग मलय, मग आमचं. चालताना ती किंचित डाव्या पायावर झुकते, टीव्हीवर ते दिसत नाही. माझ्यासमोर आली. मानकरी बाईनं शेला पसरला. मी ताट उचललं आणि सुपारी ताटात खडखडली. सगळ्यांनी ऐकलं असेल.

मी भरली, ताई. तांदूळ घातले, खण ठेवला, हळकुंड, सुपारी, वरून नारळ. तो कुत्र्यानं हुंगलेला, तुझी हळद लावलेला नारळ. मग तिनं माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "हे कशासाठी असतं?"

माझं वाक्य पाठ होतं. "आमच्याकडे सौभाग्यवती स्त्रीला हा आशीर्वाद देतात." राजवाड्यानं मंजूर केलेलं. तिला आधीच ठाऊक असलेलं. तिच्या देशातले लोक कॅमेरे घेऊन उभे होते. आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तेव्हा मला कळलं, अगं, तिनं ते वाक्य वाचलंय. तरी हात पुढे करून उभी आहे. माझ्या तोंडून ते येतं का हे बघतेय.

माझ्या तोंडातून निघालं, "घरची लेक परत जायला निघाली की तिची ओटी भरतात. तिनं पुन्हा यावं म्हणून."

मिस लिमचा चेहरा पांढरा पडला. मग राणी म्हणाली, "आणि तुमची कोण भरतं?"

"माझी मोठी बहीण," मी म्हटलं. वर्तमानकाळात म्हटलं, ताई. भरायची असं नाही म्हटलं. आणि मग मला रडू आलं. साधं डोळे पाणावणं नव्हे, नाक वाहीपर्यंत. चौदा पानांत यजमान रडला तर काय करायचं ते कुठेच नव्हतं. नियमाबाहेर जाऊन राणीनं फक्त हातमोजा घातलेली दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली, आणि पुढे गेली.

मानकरी बाई ओटी तिच्याकडून घ्यायला पुढे झाली होती. तिनं दिली नाही. शेल्यासकट सगळं पोटाशी धरून ती स्वतः गाडीपर्यंत गेली. त्याचाच फोटो आज इथल्या पेपरात आलाय, कात्रण पाठवते. लाल कोटातली राणी आणि नारळ. कडेला जांभळं दिसतं ते मी, नाक पुसतेय. अकराची तेरा मिनिटं झाली म्हणून मिस लिमला वरून बोलणी बसली, पण नंतर ती मला म्हणाली, "आंटी, नेव्हर माइंड. गुड आन्सर." चैत्रालीनं जाईला फोटो दाखवला तर ती म्हणाली, "आज्जी क्राइंग, क्वीन कॅरींग कोकोनट. व्हाय?" चैत्रालीलाही तेच विचारायचं होतं. मी विषय बदलला.

विमानात बसताना रिकामा पदर कसा वाटतो, हे तुला कधी सांगितलं नाही ना मी. आई गेल्यावर तू भरायचीस. भडंगाची पिशवी एका हातात, नारळ दुसऱ्या हातात, "लवकर ये गं, मेले." सात वर्षं मी या देशात अशीच परत येते. कस्टमवाले विचारतात, काही आणलंय का? मी म्हणते, नाही.

उल्की

*

१६ मार्च २०२५

ती. ताईस,

तुझं पत्र आलं. पेटीत तुझं अक्षर दिसलं आणि मी तिथेच जमिनीवर बसले. आमच्या खालच्या मजल्यावरचा म्हातारा धावत आला, आंटीला चक्कर आली समजून.

आठ ओळी आहेत, मला पाठ झाल्यात. 'चि. उल्कास आशीर्वाद. कात्रण मिळाले. नाक अजून तसेच पुसतेस. माईंपुढे तुझे काय चालणार होते? माझा राग त्यांच्यावर होता, तो तुझ्यावर निघाला. त्या गेल्या, त्यांच्याबरोबर विषयही गेला. आंब्याच्या दिवसांत ये. सात वर्षांची ओटी राहिली आहे. तिसरी पायरी दुरुस्त केली.'

अभयनं वाचलं आणि म्हणाला, "तिकीट काढू ना?" मी हो म्हटलं. एप्रिलच्या बारा तारखेचं काढलंय. चैत्राली नाचायलाच लागली, मावशीला व्हिडिओ कॉल करू म्हणाली. मी थांब म्हटलं. चार दिवस झाले, मी सगळ्यांना थांब म्हणतेय. मला सगळं मिळालंय आणि मी हे पत्र लिहायला बसलेय.

ताई, माईंनी काही केलं नव्हतं.

आता लिहायलाच घेतलंय तर सगळं लिहिते, मधे थांबले तर परत उचलणार नाही. त्या दिवशी मी ओट्या भरत रांगेनं येत होते. माई माझ्या मागे होत्या, हे खरं. तू शेवटून दुसरी बसली होतीस. भाऊजींना जाऊन दहा महिने झाले होते. मी तुझ्यापाशी आले, आणि माई मागून हळू आवाजात म्हणाल्या, "शैलाचीही भर गं. सख्खी मावशी आहे पोरीची." ऐंशी वर्षांची ती बाई असं म्हणाली. आणि मी वळून त्यांच्या कानात म्हटलं, "नको माई. आज नको."

मी म्हटलं. एम.कॉम. झालेली, परदेशात राहणारी मी. माझ्या मनात आलं, उद्या चैत्रालीचं लग्न, कशाला विषाची परीक्षा? एवढंच मनात आलं, एका क्षणात, आणि मी पुढच्या बाईकडे सरकले.

आणि तू पदर पुढे केला होतास. मी तो पाहिला, ताई. न बघितल्यासारखं केलं, पण पाहिला. हिरव्या काठाची, फिकी, तुपाच्या रंगाची साडी होती, दोन्ही हातांनी पदर धरला होतास आणि माझ्याकडे बघून जराशी हसत होतीस. मी गेल्यावर तू तो हळूच आवरून घेतलास, आणि "मी चहाचं बघते," म्हणून उठलीस. संध्याकाळच्या गाडीनं सांगलीला गेलीस. चैत्रालीच्या अक्षता तुझ्याविना पडल्या.

मग घरात सगळे विचारायला लागले, शैला का गेली? मी काही बोलले नाही, नुसतं माईंकडे बघितलं. एवढं पुरलं. सगळ्यांनी समजून घेतलं. माईंनीही ते बघितलं, आणि मरेपर्यंत कुणाला एका शब्दानं सांगितलं नाही की मी नव्हे, ही. शेवटच्या आजारपणात मी त्यांचे पाय चेपत होते तर म्हणाल्या, "शैलाला बोलाव एकदा." मी म्हटलं, बोलावते. बोलावलं नाही. आणि त्या गेल्यावर जानेवारीत मी तुला पुन्हा पत्र लिहिलं, त्यातही त्यांनाच पुढे उभं केलं. मेलेल्या बाईच्या पदराआड लपले मी.

तुझा राग माईंवर होता म्हणतेस. सात वर्षं तू एका निरपराध बाईवर रागावलीस, तेही माझ्यामुळे. तुझं आठ ओळींचं पत्र माझ्यासाठी नाहीच. ते तुझ्या मनातल्या कुठल्यातरी बिचाऱ्या उल्कीला आहे, सासूपुढे हात बांधलेल्या. ती कधी नव्हती.

हे सगळं न लिहिता मला बाराला येता आलं असतं. तू आंबे कापले असतेस, ओटी भरली असतीस, लवकर ये गं मेले म्हणाली असतीस. राणीसारखी भेट झाली असती, सगळं छान, कुणी काही न बोलता. पण राणीला माफी मागायला सरकारची परवानगी लागते. मला कुणाची लागते? मी तोआ पायोहची साधी बाई. मला येतं मागता, मीच सात वर्षं मागितली नाही.

ताई, माझं चुकलं. मला माफ कर. घाबरून मी तुझा अपमान केला, आणि तो दुसरीच्या नावावर खपवला.

हे पत्र तुला एप्रिलच्या आत मिळेल. वाचून "येऊ नकोस" असं कळवलंस तर मला समजेल, तसा तुला हक्क आहे. तरी मी येणार आहे. विमान पुण्याला उतरेल, तिथून बसनं सांगलीला. नारळ तिथल्याच बाजारातून घेईन, तांदूळ आणि खण इथून आणतेय, आणि डब्यातली उरलेली चमचाभर हळद. माझी ओटी तू भरायची नाहीस. मी तुझी भरायला येतेय, कुंकवासकट, तुझ्या दारात, शेजारीपाजारी बघत असताना.

दार उघडलं नाहीस तर तिसऱ्या पायरीवर बसेन. उघडलंस तर समोर उभी राहीन. तुला वाटेल तेव्हा पदर पुढे कर, आणि आज नाहीच वाटलं तर उद्या कर. या वेळी मी तुझ्यासमोरून पुढे सरकणार नाही.

तुझी,
उल्की